पार्मिजियानिनोचे नाव, आंद्रेआनीचा शिक्का आणि हातातली प्रत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. म्युनिकमधल्या एका विक्रेत्याकडे तुम्ही दोन जुनी रंगीत वुडकट, म्हणजे लाकडी ठोकळ्यांवरून छापलेली चित्रे, पाहिलीत. पहिल्यावर चिठ्ठी आहे ‘पार्मिजियानिनोच्या रेखाटनावरून, सोळावे शतक’ (हा इटालियन चित्रकार), पण चित्राच्या खालच्या कोपऱ्यात दोन ‘ए’ गुंफलेले चिन्ह आणि १६०८ साल. दुसरे अठराव्या शतकातले, व्हेनिसच्या झानेत्तीचे (त्याच्याबद्दल शेवटी), किंमत निम्म्याहून कमी. पहिले नकली आहे का, संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर त्याच चित्राच्या प्रती वेगवेगळ्या रंगांत का दिसतात, दोन्हींपैकी कोणते घ्यावे, आणि पुढेमागे रत्नागिरीच्या घरी नेले तर ते टिकेल का, हे तुम्हाला हवे आहे. मी कागद-संवर्धनाच्या कामातून या चित्रांकडे आलो, त्यामुळे माझे उत्तर कागदाकडे जरा जास्त झुकेल.

पहिली शंका आधी मिटवतो. १६०८ पाहून घाबरू नका. दोन ‘ए’ हे आंद्रेआ आंद्रेआनी या मांतुआच्या माणसाचे चिन्ह. हा नुसता छापखानेवाला नव्हता. १५८४ मध्ये फ्लॉरेन्सला त्याने जांबोलोन्याच्या ‘सॅबाइन स्त्रियांचे अपहरण’ या शिल्पावरून मोठाली छापचित्रे केली, आणि १५९९ च्या सुमारास मांतेन्याच्या ‘सीझरचा विजयोत्सव’ या चित्रमालेवरून एक अख्खी मालिका. पण नंतरच्या काळात त्याने आधीच्या पिढीतल्या कारागिरांचे लाकडी ठोकळे मिळवले, त्यांत आपले चिन्ह, ‘मांतुआ’ हे गावाचे नाव आणि साल घातले, आणि नव्याने छापून विकले. अशा छापांवर साधारण १६०२ ते १६१० मधली साले सापडतात. तुमच्या समोरच्या कागदामागे म्हणजे तीन माणसे आहेत. रेखाटन पार्मिजियानिनोचे, जो १५४० मध्ये वारला. ठोकळे त्याच्या पुढच्या एखाद्या कोरक्याचे, बहुधा निकोलो विचेंतिनोचे किंवा त्याच्या कारखान्यातले. छपाई आंद्रेआनीची. चिठ्ठीवरचे ‘सोळावे शतक’ ठोकळ्यांपुरते खरे आहे, शाई मात्र सतराव्या शतकातली. आणि भाव ठरतो तो शाईवर.

म्हणून या क्षेत्रात नवे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट बजावतो: नावाला पैसे देऊ नका, समोरच्या प्रतीला द्या. ताम्रपटावरच्या, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या, छापांनाही हे लागू आहे, पण रंगीत वुडकटला दुपटीने. कारण इथे चित्राचा अर्धा निर्णय छापण्याच्या दिवशी होतो.

तो कसा, हे कळायला चित्र बनते कसे ते पाहू. साध्या वुडकटला एक ठोकळा लागतो. किआरोस्कुरो, म्हणजे उजेड-सावलीच्या छटांच्या अशा रंगीत वुडकटला दोन, तीन, चार, क्वचित त्याहून जास्त. एका ठोकळ्यावर काळ्या रेषा, बाकीच्यांवर सपाट छटा: एक फिकट, एक मध्यम, एक गडद, बहुधा एकाच रंगकुळातल्या. छटेच्या ठोकळ्यातून कारागीर जिथे लाकूड कोरून काढतो तिथे शाई लागत नाही, कागद कोरा राहतो, आणि तो कोरा कागद म्हणजेच चित्रातला सर्वांत लख्ख उजेड. त्या काळचे चित्रकार रंगवलेल्या कागदावर शाईने रेखाटून वरून पांढऱ्या रंगाचे फटकारे देत आणि अंगांना गोलाई आणत. ठोकळ्यावरचे काम याच्या उलट चालते. पांढरे लावायचे नसते, राखायचे असते. जे. जे. मध्ये किंवा बडोद्याला मुद्राचित्रण शिकलेल्यांना रजिस्ट्रेशन म्हणजे काय जाच असतो ते सांगायला नको. ओलसर कागद प्रत्येक ठोकळ्यावर तंतोतंत त्याच जागी बसवायचा, आणि ओला कागद ताणतो, आक्रसतो. केसभर सरकला की नाकाचा उजेड गालावर जातो.

आता छापणारा दर वेळी शाई नव्याने घोटतो. आज हिरवट, पुढच्या महिन्यात तपकिरी, कधी निळसर राखाडी. तुम्ही संकेतस्थळांवर पाहिलेल्या वेगवेगळ्या प्रती यातूनच आल्या आहेत. ‘मूळ रंग कोणता’ या प्रश्नाला बहुतेकदा उत्तरच नसते. जर्मन चित्रकार हान्स बाल्डुंगचे १५१० चे ‘चेटकिणींचा मेळा’ घ्या. नुरेंबर्गहून स्ट्रासबुर्गला आल्याच्या पुढच्याच वर्षी केलेले, एक रेषांचा ठोकळा आणि एक छटेचा, बस. नारिंगी-तपकिरी छटेच्या प्रतीत जाळ सगळ्या रानावर पसरल्यासारखा वाटतो. राखाडी प्रतीत तेच रान थंड, गोठलेले. ठोकळे तेच, रेषा तीच, पण मन वेगळे. दोन्ही प्रती खऱ्या आहेत. मला राखाडी जास्त आवडते, पण हा आवडीचा भाग झाला.

इतिहास मी सगळा सांगत बसणार नाही, पण सुरुवातीची चुरस सांगण्यासारखी आहे, कारण ‘कोण पहिला’ या भांडणाचा परिणाम आजही लिलावाच्या सूचीत दिसतो. रंग ठोकळ्याने छापणे तसे जुने. ऑग्सबुर्गचा एर्हार्ड राटडोल्ट व्हेनिसमध्ये पुस्तके छापत असताना १४८० च्या दशकातच ग्रहणांच्या आकृत्या रंगीत छापत होता. पण चित्र म्हणून रंगीत छापाची हौस सुरू झाली राजदरबारांच्या चढाओढीतून. विटेनबेर्गला सॅक्सनीचा राज्यकर्ता, सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्यांपैकी एक, फ्रीडरिश याच्या पदरी लुकास क्रानाख हा चित्रकार होता. त्याने १५०७ मध्ये निळ्या रंगाने माखलेल्या कागदावर काळ्या रेषा आणि सोने वापरून घोड्यावरचा सेंट जॉर्ज छापला. ही असली सोन्याची छापे फ्रीडरिशने ऑग्सबुर्गला कोनराड पॉयटिंगरकडे पाठवली. पॉयटिंगर हा शहराचा चिटणीस, विद्वान, आणि सम्राट माक्सिमिलियनचा माणूस. त्याला ती झोंबली असावीत. पुढच्याच वर्षी, १५०८ मध्ये, ऑग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरने दोन घोडेस्वार तयार केले: एक सेंट जॉर्ज, दुसरा खुद्द माक्सिमिलियन. या जोडीला सोन्याऐवजी छटांच्या ठोकळ्याकडे नेणारा हात होता योस्ट दे नेगकरचा, अँटवर्पहून आलेला ठोकळे कोरणारा.

क्रानाखलाही स्वस्थ बसवेना. त्याच्या ‘सेंट ख्रिस्तोफर’वर आणि ‘व्हीनस आणि क्यूपिड’वर १५०६ साल आहे. म्हणजे तोच पहिला? पण त्याच चित्रांत त्याचे पंखवाल्या सर्पाचे मानचिन्हही आहे, आणि ते त्याला मिळाले १५०८ च्या जानेवारीत. साल मागे ढकललेले आहे, हे उघड. पाचशे वर्षांपूर्वीचा माणूस आपल्या कामावर खोटी तारीख घालतो आणि स्वतःच्याच मानचिन्हामुळे पकडला जातो, हे मला फार आवडते. आणि तुमच्यासाठी त्यातला धडा: ठोकळ्यावर कोरलेले साल म्हणजे छपाईचे साल नव्हे, कधी कधी तर कोरण्याचेही नव्हे. बुर्कमायरच्या माक्सिमिलियनवरही पुढे १५०८ चे १५१८ करून छापलेल्या प्रती आहेत.

खरी उडी मात्र १५१० ची. बुर्कमायर आणि दे नेगकर यांचे ‘मृत्यूने गाठलेले प्रेमी’. तीन ठोकळे, आणि एकटा उभा राहील असा रेषांचा ठोकळाच नाही. तोवर छटा ही रेषाचित्राला नेसवलेले वस्त्र होती. काळा ठोकळा एकटा छापला तरी चित्र पुरे होत असे. इथे एक ठोकळा काढा, चित्र कोसळते. खाली पडलेल्या सैनिकाच्या छातीवर मृत्यू पाय देऊन उभा आहे, बाई पळते आहे, आणि तिचा झगा मृत्यूने दातांत धरला आहे. मागे व्हेनिससारखी कालव्याकाठची घरे. भिंतींचे सपाट उजेड बघा. ते कुणी रंगवलेले नाहीत, कुणीतरी लाकूड तासून मोकळे सोडले आहेत.

छटा एकाच रंगकुळातल्या असतात, याला अपवाद म्हणून जर्मन चित्रकार आल्टडोर्फरची ‘रेगेन्सबुर्गची सुंदर मारिया’ सांगायला हवी, साधारण १५१९-२० ची. तिच्यात पाचसहा ठोकळे आणि खरोखरचे निरनिराळे रंग आहेत: लाल, हिरवा, निळा. रेगेन्सबुर्गमधून ज्यूंना हाकलून त्यांचे प्रार्थनास्थळ पाडले, त्या जागी मारियाचे देऊळ उभे राहून जत्रा लोटू लागली, त्या जत्रेसाठी ही चित्रे. छपाई म्हणून थक्क करणारी गोष्ट, पण भिंतीवर लावताना तो इतिहास विसरता येत नाही.

इटलीत हे तंत्र पोचले तेव्हा उगो दा कार्पी या ठोकळे कोरणाऱ्याने १५१६ मध्ये व्हेनिसच्या सिनेटकडे अर्ज करून ही आपली नवी रीत असल्याचे सांगितले आणि हक्क मागितला. जर्मन लोक आठ वर्षे ते करत होते, हे त्याला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. १५१८ मध्ये राफाएलच्या रेखाटनांवरून केलेल्या ‘एनियास आणि अँकायसिस’वर त्याने लॅटिनमध्ये तंबीच छापली: कर्त्याच्या इच्छेविरुद्ध हे छापणाऱ्यावर पोप दहावा लिओ आणि व्हेनिसचा राज्यकर्ता यांच्या हुकुमाने धर्मबहिष्कार व इतर शिक्षा येतील. स्वामित्वहक्काचा भंग केला तर नरक! पण या बढाईखोर माणसाने १५२७ च्या सुमारास पार्मिजियानिनोबरोबर ‘डायोजिनिस’ (त्या नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञाचे चित्र) केला, चार ठोकळ्यांचा, आणि सगळे माफ. त्या काळच्या चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या वासारीलाही उगोचे हेच काम सर्वोत्तम वाटले होते. त्याच वासारीने आणखी एक किस्सा नोंदवला आहे. उगोने एका वेदीचित्रावर ‘कुंचल्याशिवाय केले’ असे मिरवून लिहिले, ते पाहून मायकेलअँजेलो म्हणाला, कुंचला घेतला असता तर बरे झाले असते.

‘डायोजिनिस’ पाहण्याची माझी एक पद्धत आहे, तुम्हीही करून पाहा. याच रेखाटनावरून काराल्योने ताम्रपटावर कोरलेले चित्रही आहे. दोन्हींच्या मोठ्या प्रतिमा पडद्यावर शेजारी ठेवा. काराल्यो स्नायूचा प्रत्येक उंचवटा रेषांच्या जाळीने समजावून सांगतो. उगो अर्धे सांगतच नाही. पाठीमागे फडफडणारे वस्त्र चार छटांच्या मोकळ्या पट्ट्यांतून उभे राहते, आणि एका ठोकळ्याची कडा दुसऱ्याच्या रेषेला जोडूनच आकार बनतो. बाजूला पिसे उपटलेला कोंबडा आहे, ‘माणूस म्हणजे बिनपिसांचा द्विपाद’ या प्लेटोच्या व्याख्येची टर उडवणारा. त्या कोंबड्यावरचा उजेड ज्या प्रतीत धारदार आहे ती चांगली प्रत. जिथे तो पिठूळ झाला आहे तिथे ठोकळे झिजले, शाई जास्त झाली किंवा कागद नीट बसला नाही.

त्यानंतर १५२७ ची रोमची लूट झाली, पार्मिजियानिनो बोलोन्याला गेला आणि तिथे त्याने अंतोनियो दा त्रेंतोला हाताशी धरून अशी छापे करवून घेतली. वासारी सांगतो की एका सकाळी पार्मिजियानिनो अंथरुणात असतानाच अंतोनियोने पेटी उघडून सगळे ताम्रपट, ठोकळे आणि रेखाटने लांबवली आणि पसार झाला. ठोकळे व पट पुढे परत मिळाले, रेखाटने गेली ती गेलीच. हे सांगण्याचे कारण असे की पार्मिजियानिनोच्या रेखाटनांवरून झालेली छापचित्रे अनेक हातांची आहेत: उगोची, अंतोनियोची, विचेंतिनोची. विचेंतिनोचे नाव तर मोजक्याच छापांवर आहे, बाकीची त्याच्या माथी अभ्यासकांनी मारली आहेत. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर कोरणाऱ्याचे नाव नसेल तर ती लबाडी असेलच असे नाही.

उशिराची छपाई म्हणजे दुय्यम, हा समज मोडायला जर्मन चित्रकार ड्यूररचा गेंडा पुरेसा आहे, आणि या गेंड्याशी आपलेही नाते आहे. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा दुसरा याने तो पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द आल्बुकेर्कला भेट दिला. आल्बुकेर्कने जानेवारी १५१५ मध्ये तो गोव्याहून लिस्बनला राजा मानुएलकडे रवाना केला. २० मे रोजी जहाज पोचले. पुढे राजाने तो पोपला पाठवला आणि वाटेत जहाजासकट बुडाला. ड्यूररने तो कधी पाहिला नाही, आलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून चिलखत घातलेला गेंडा काढला. त्याचा ठोकळा एकरंगी होता. ड्यूरर १५२८ मध्ये वारल्यावरही ठोकळा छापला जात राहिला, पायांतून आडवी चीर गेली, आणि १६२० च्या सुमारास ॲमस्टरडॅमला नकाशे छापणाऱ्या विलेम यान्सझोन ब्लाऊच्या हाती तो आला. त्याने छटेचा नवा ठोकळा कोरून घेतला आणि हिरवट रंगात गेंडा छापला. चीर आहे, कर्ता जाऊन नव्वदएक वर्षे होत आली, छटा ड्यूररने योजलेलीच नाही. तरी त्या प्रतीसाठी संग्राहक धडपडतात, कारण ती छपाई म्हणून जबरदस्त आहे. आंद्रेआनीच्या प्रतींकडे याच नजरेने बघा. काही निस्तेज आहेत, काहींत त्याने छटांचा ताल मूळ छपाईपेक्षा सुरेख साधला आहे.

आता प्रत्यक्ष कागद हातात घेतल्यावर काय पाहायचे. आधी मागची बाजू. चित्रापेक्षा मागची बाजू जास्त खरे बोलते. उठावाचा ठसा दाबून छापलेला असतो, म्हणून शाईच्या रेषा कागदात किंचित रुतलेल्या असतात आणि मागून त्या बोटाला किंवा तिरप्या उजेडात डोळ्याला जाणवतात. जुन्या मालकाने कागद दुसऱ्या कागदावर चिकटवून सपाट केला असेल तर ही खूण जाते. असे चिकटवलेले असेल तर का, हे विचारा. बहुतेकदा फाटलेले, घडी मोडलेले किंवा भोक पडलेले असते. मग कागद उजेडासमोर धरा. १७५० पूर्वीचा युरोपीय कागद म्हणजे चिंध्यांचा, तारांच्या चाळणीवर बनलेला. त्यात बारीक समांतर रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या, दोनतीन सेंटिमीटर अंतरावरच्या ठळक रेघा दिसतात. रेघा नसलेला एकसंध कागद १७५७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये व्हॉटमनच्या गिरणीतून पुढे आला. ‘सोळावे शतक’ म्हणून दाखवलेले चित्र तशा कागदावर असेल तर बोलणे तिथेच थांबवा. नशिबाने वॉटरमार्क सापडला तर ब्रिकेच्या १९०७ च्या कोशात शोधता येतो. त्यात सोळा हजारांवर चिन्हे आहेत, १६०० पर्यंतची. एकच वॉटरमार्क वर्षानुवर्षे चाले, त्यामुळे तो साल सांगत नाही, पण अशक्य साले बाद करतो.

दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ हवेच. ठिपक्यांची जाळी दिसली तर ते अलीकडचे ऑफसेट आहे. जास्त चकवतात त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून निघालेल्या कसबी प्रतिकृती. बर्लिनच्या सरकारी छापखान्याच्या प्रतिकृतींच्या मागे शिक्का असायचा, पण शिक्का खरवडता येतो. मागे एखादी जागा खरवडून पातळ झालेली दिसली तर लगेच सावध व्हा. भिंगातून उजेडाच्या जागा तपासा. तिथे फक्त कागद हवा. पांढरा रंग दिसला तर कोणीतरी झिजलेल्या प्रतीला मागाहून उठाव दिला आहे. अतिनील दिव्याखाली असे फेरफार वेगळे चमकतात, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा ‘शुभ्र’ केलेला कागद निळसर लखलखतो. छापलेला रंग आणि हाताने भरलेला रंग यांतही गल्लत होते. छापलेल्या रंगाला ठोकळ्याची कडा असते आणि कडेला शाईची बारीक किनार साचते. कुंचल्याचा रंग रेषेबाहेर जातो आणि शेवटी ओघळ सोडतो.

ठोकळ्याचे वय ओळखायला लाकडाचे आजार बघा. किडीची भोके कागदावर छोट्या पांढऱ्या गोल ठिपक्यांसारखी उमटतात. चिरा पांढऱ्या रेघांसारख्या. चौकटीची रेष जागोजाग तुटते. संग्रहालयातल्या एखाद्या प्रतीशी ताडून पाहिले, आणि तुमच्या प्रतीत चीर रुंद निघाली, तर तुमची प्रत नंतरची. इतके सरळ. ब्रिटिश म्युझियम, राइक्सम्युझियम, व्हिएन्नाची अल्बर्टिना, न्यूयॉर्कचे मेट, सगळ्यांच्या प्रतिमा घरबसल्या पाहता येतात. प्रत शोधायला क्रमांक लागतो तो आडाम फोन बार्च याच्या छापचित्रांच्या सूचीतला, बारावा खंड याच छापचित्रांचा आहे. विक्रेत्याला बार्चचा क्रमांक विचारा. त्याला तो माहीत नसेल तर किंमत कशी ठरवली, हेही विचारा.

मागे छोटे शिक्के किंवा सह्या असतील तर त्या जुन्या संग्राहकांच्या. फ्रिट्स लुग्टने १९२१ मध्ये अशा शिक्क्यांची सूची केली, पॅरिसची फोंदासियों कुस्तोदिया ती आज फुकट शोधू देते. सतराव्या शतकातला पॅरिसचा व्यापारी पिएर मारिएत मागे शाईने आपले नाव आणि साल लिहीत असे. तशी सही असली की भाव चढतो, म्हणून खोट्या सह्याही आहेत. एक गोष्ट मात्र मनावर घ्या. मागे सरकारी संग्रहालयाचा शिक्का असेल, तर शेजारी ‘दुबार प्रत, विकली’ अशा अर्थाचा दुसरा शिक्का हवा. संग्रहालयांनी दुबार प्रती विकल्या आहेत, पण चोरीला गेलेली चित्रेही बाजारात फिरतात. दुसरा शिक्का नसेल तर त्या संग्रहालयाला लिहून विचारा, पैसे नंतर.

काठ कातरलेले असतील, त्याने बिचकू नका. या काळातल्या चित्रांना समास जवळपास नसतोच, लोक चौकटीपर्यंत कातरून वहीत चिकटवत. चौकटीच्या आत कातरले असेल आणि चिन्ह किंवा साल गेले असेल तर मात्र घासाघीस करा.

रंग उडण्याबद्दलही सांगायला हवे. वनस्पतींपासूनचे रंग, नीळ धरून, उजेडाने फिके होतात. तांब्याचा हिरवा तपकिरी पडतो आणि कागदही जाळतो. त्यामुळे ‘तपकिरी प्रत’ ही कधी कधी मुळात हिरवी असते. मागून पाहिले तर तांब्याच्या हिरव्याने कागद त्याच आकारात करपलेला दिसतो. असा करपलेला कागद कितीही सुंदर असला तरी पहिल्या खरेदीला घेऊ नये, त्याची निगा नवशिक्याचे काम नाही.

रत्नागिरीबद्दल. टिकेल, पण भिंतीवर बारमाही नाही. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की बुरशीला आमंत्रण, आणि कोकणात आषाढात ती त्याच्या खाली येतच नाही. चित्र आम्लरहित पुठ्ठ्याच्या खिडकीत, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, एवढ्यावर अडकवा. चिकटपट्टी, लॅमिनेशन, फेव्हिकॉल यांची नावेही काढू नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आत आर्द्रतामापक टाका, जेल वेळेवर सुकवा. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका, तळघरातले लॉकर ओल धरतात. कसर आणि वाळवी लाकडी कपाटाच्या मागून येतात, म्हणून पोलादी कपाट बरे. दिवाळीनंतर काही आठवडे भिंतीवर लावा, पण बाहेरच्या भिंतीवर नाही, आणि उजेड ५० लक्सच्या आसपास.

कागदपत्रांचेही पाहून ठेवा. सीमाशुल्कात मूळ छापचित्रे ९७०२ या शीर्षाखाली येतात. शंभर वर्षांहून जुनी असली तरी ‘प्राचीन वस्तूं’च्या ९७०६ मध्ये नव्हे, आणि पावतीवर हे स्पष्ट लिहून घेतले तर पुढचा वाद वाचतो. भारतात १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुराणवस्तू ठरू शकते आणि ती मनाला येईल तेव्हा बाहेर पाठवता येत नाही. तुम्ही पुन्हा युरोपात जाणार असाल तर चित्र तिथेच राहू द्या.

उरला तुमचा मुख्य प्रश्न. अंतोन मारिया झानेत्ती हा व्हेनिसचा हौशी माणूस. १७२० च्या सुमारास लंडनला गेला असताना त्याने एकेकाळी अरंडेलच्या उमरावाकडे असलेल्या पार्मिजियानिनोच्या रेखाटनांचा मोठा गठ्ठा विकत घेतला आणि त्यांवरून स्वतः ठोकळे केले. म्हणजे तुमची दुसरी प्रतही पार्मिजियानिनोचीच आहे, फक्त दोनशे वर्षांनी, आणि त्याच्या रेखाटनांवर प्रेम करणाऱ्याच्या हातून. छपाई ठोकळे करणाऱ्याच्याच देखरेखीखाली झालेली, त्यामुळे ठोकळ्यांची झीज नाही. आंद्रेआनीच्या प्रतीत उजेडाच्या जागा धारदार असतील, ठोकळे जुळलेले असतील आणि मागे काही लपवलेले नसेल, तर जास्त पैसे देण्यासारखी तीच. उजेड पिठूळ असेल तर झानेत्ती घ्या आणि खंत करू नका.

विक्रेत्याकडे तीन छायाचित्रे मागा: मागची बाजू, तिरप्या उजेडातली, आणि मागून उजेड टाकून काढलेली. आणि पैसे देण्याआधी म्युनिकच्याच सरकारी आलेख-संग्रहाला, श्टाटलिशे ग्राफिशे झामलुंगला, लिहून अभ्यासिकेत वेळ घ्या. बार्चचा क्रमांक कळवा, आंद्रेआनीच्या आधीची प्रत त्यांच्याकडे असेल तर बाहेर काढून ठेवायला सांगा, आणि विक्रेत्याची छायाचित्रे छापून बरोबर न्या.